बहिणीची गाठ आणि तुमचं दुखणं: एका सर्जनचं सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका ताईंनी लिहिलंय की त्यांच्या धाकट्या बहिणीला, वय २४, आंघोळ करताना डाव्या स्तनात गोटीएवढी गाठ हाताला लागली. सोनोग्राफीत ‘२१ × १४ मिमी, फायब्रोॲडेनोमा, बायरॅड्स ३’ असं आलं (या शब्दांचे अर्थ पुढे सांगते). एक डॉक्टर म्हणाले लगेच काढून टाका, दुसरे म्हणाले सहा महिने थांबा, आणि मावशीने ‘गाठ जिरवणारी’ पुडी आणून दिली. घरात स्थळं बघणं सुरू आहे, त्यामुळे आईची झोप उडाली आहे. शेवटच्या ओळीत, जाता जाता, ताईंनी स्वतःचंही लिहिलंय. वय ३८, पाळीच्या आधी आठ-दहा दिवस दोन्ही बाजू ठणकतात, ईसीजी काढला तो नॉर्मल आला, मलाही काही असेल का?

मी जनरल सर्जन आहे. जिल्ह्याच्या गावी २८ वर्षं ओपीडी करते. उत्तराची सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण आपल्याकडच्या बायका स्वतःचं दुखणं कायम शेवटच्या ओळीतच सांगतात.

ताई, तुमचा ईसीजी का निघाला याचा अंदाज मला आहे. तुम्ही दवाखान्यात ‘छातीत दुखतंय’ म्हणाला असाल. ‘स्तन’ हा शब्द आपल्याकडे पुस्तकात असतो, तोंडात येत नाही. मग पुरुष डॉक्टर समोर असला की बोट वरच्या वर छातीकडे जातं, तो बिचारा हृदयाची पट्टी काढतो, आणि नॉर्मल पट्टी घेऊन बाई घरी जाते. दुखणं तसंच. माझ्याकडे येणाऱ्या किती जणींच्या फाईलमध्ये अशी पट्टी असते, ते मोजणं मी सोडून दिलंय. पुढच्या वेळी ‘दूध येतं त्या जागी दुखतंय’ एवढं म्हणा, पुरे होईल.

पाळीच्या आधी, दोन्ही बाजूंना, वरच्या-बाहेरच्या भागात जास्त, कधी काखेपर्यंत जाणारं, आणि पाळी आली की ओसरणारं दुखणं हे संप्रेरकांचं दुखणं आहे. अंडाशय दर महिन्याला दूधग्रंथींना पुढच्या गर्भारपणासाठी तयार करतं, तिथे पाणी धरतं, ऊतक ताणलं जातं आणि हात लावला तरी कळ येते. हाताला सगळीकडे वाटाण्यासारखं खडबडीत लागतं ते यातूनच. रिपोर्टमध्ये याला ‘फायब्रोॲडेनोसिस’ किंवा ‘फायब्रोसिस्टिक बदल’ असं नाव दिसतं आणि ते वाचून घरी रडारड होते. १९८७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या सर्जनांनी या सगळ्या गोष्टींची नव्याने मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की यातल्या बहुतेक गोष्टींना रोग म्हणूच नये, स्तनाच्या रोजच्या वाढीत, महिन्याच्या चक्रात आणि उतरणीत पडलेले ते थोडेफार फरक आहेत. विशीत वाढीचा काळ असतो, तेव्हा फायब्रोॲडेनोमा, म्हणजे धाकटीला आहे तसली गाठ, होते. तिशी-चाळिशीत चक्राचं दुखणं. चाळिशीनंतर ग्रंथी उतरू लागल्या की पाण्याच्या गाठी. तुम्ही दोघी बहिणी, तुमच्या आईसकट, याच एका वाटेवरच्या आहात.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, तीन महिने कॅलेंडरवर खुणा करा, जास्त दुखलं तर मोठी फुली, कमी दुखलं तर छोटी, आणि पाळीच्या तारखेला गोल. दोन, पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात कुणा सर्जनकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून हाताने नीट तपासून घ्या. तेव्हा सूज उतरलेली असते, हाताला खरं ते लागतं. तपासणीत वेगळं काही लागलं नाही आणि फुल्या गोलाच्या आधीच जमल्या, तर तुमच्या वयाला दुखण्यापायी सोनोग्राफीचीसुद्धा सक्ती नाही. नुसतं दुखणं, गाठ नाही, बाकी बदल नाही, यात कॅन्सर सापडणं अगदी विरळा.

औषधाचं म्हणाल तर ‘काही नाही, घाबरू नका’ हेच बहुतेकींना पुरतं, फक्त ते हाताने तपासून झाल्यावर सांगितलेलं असावं, लांबून नव्हे. मग मापाची, खालून आधार देणारी ब्रा, दुखण्याच्या दिवसांत रात्रीसुद्धा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं जेल जागेवर लावलं तर फरक पडतो, पोटातल्या गोळीचा त्रासही वाचतो. जवसाने काहींना बरं वाटतं असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. जवसाची चटणी तशीही घरात असते, चमचा-दोन चमचे खायला माझी हरकत नाही. उलट ज्या ‘प्रिमरोज’ तेलाच्या महागड्या कॅप्सूल सर्रास लिहिल्या जातात, त्या चाचण्यांमध्ये नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत. व्हिटॅमिन ईचंही तेच. मी दोन्ही लिहीत नाही.

एवढ्यानेही कामधंदा अडत असेल तर आपल्या देशातलंच एक औषध आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं सेंटक्रोमन, दुकानात ‘सहेली’ आणि सरकारी दवाखान्यात ‘छाया’ या नावाने मिळणारी गर्भनिरोधक गोळी. तिच्यात संप्रेरक नाही, पण ती स्तनातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या कामाला आडवी येते. दिल्लीच्या एम्समध्ये तिचा दुखण्यासाठी अभ्यास झाला आणि उपयोग चांगला दिसला. ३० मिलीग्रॅम, साधारण तीन महिने. पण पाळी लांबते, कधी अंडाशयात पाण्याची गाठ होते, आणि मूल हवं असेल तर अर्थातच चालत नाही. म्हणून ती डॉक्टरने लिहून दिल्यावरच. टॅमॉक्सिफेन आणि डॅनॅझॉल ही संप्रेरकांवर काम करणारी औषधं त्याच्याही नंतर, क्वचित.

एक अपवाद लक्षात ठेवा. एकाच बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी, पाळीशी संबंध नसलेलं, न थांबणारं दुखणं असेल तर तपासण्या करायच्याच. बऱ्याचदा ते स्तनाचं नसतंच. मी पेशंटला कुशीवर वळवते, स्तन बाजूला सरकतो, मग खालच्या बरगडीवर बोट दाबते. ‘हो, हेच!’ म्हणून ओरडली की समजायचं बरगडीच्या कूर्चेचं दुखणं आहे.

आता धाकटीकडे.

फायब्रोॲडेनोमा ही विशीतली सर्वांत नेहमीची गाठ. गोल किंवा लांबट, रबरी, कडा स्पष्ट, आणि बोटाखालून अशी निसटते की इंग्रजी पुस्तकांत तिला स्तनातला उंदीर म्हणतात. दुखत नाही. दूधग्रंथीचा एक छोटा घोस आणि त्याभोवतीचं धाग्यांचं ऊतक मिळून जरा जास्तच वाढतं, एवढंच तिचं मूळ. बहुतेक दोन-तीन सेंटिमीटरला थांबतात. काही आपोआप लहान होतात, बऱ्याच वर्षानुवर्षं तशाच राहतात, थोड्या वाढतात. ‘ही पुढे कॅन्सर होईल का?’ हा प्रश्न आईच्या मनात आहे, म्हणून स्पष्ट सांगते. साधा फायब्रोॲडेनोमा कॅन्सरमध्ये बदलत नाही. त्याच्या आत कॅन्सर निघणं इतकं दुर्मीळ आहे की त्या भीतीने गाठ काढायला जाऊ नये.

पण ‘साधी आहे’, म्हणजे कॅन्सरची नाही, हे ठरवायचं कसं, इथेच गडबड होते. हाताला साधी लागली म्हणून साधी, हे चालत नाही. माझाही हात चुकलेला आहे. तीन साक्षी लागतात. पहिला हात, दुसरं चित्र, तिसरी सुई. चित्र म्हणजे चाळिशीच्या आत सोनोग्राफी, कारण तरुण स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत सगळं पांढरं दिसतं. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. तिन्ही साक्षी ‘साधी’ म्हणाल्या की निदान १०० पैकी ९९ वेळा तरी बरोबर असतं. एक साक्ष जरी फुटली तरी तिचं ऐकायचं, बाकी दोघींचं बहुमत इथे चालत नाही. हाताला कडक, अडकलेली लागतेय आणि सुईचा रिपोर्ट साधा आलाय, तर सुई चुकीच्या जागी गेली असं मी धरते आणि पुन्हा करते.

रिपोर्टमधला ‘बायरॅड्स’ हा किती संशय आहे ते सांगणारा आकडा. ३ म्हणजे ‘जवळजवळ नक्की साधी’. कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी. २ म्हणजे साधीच. ४ म्हणजे सुई लावलीच पाहिजे, आणि ५ म्हणजे दाट संशय. लोक हा आकडा कॅन्सरच्या स्टेजसारखा वाचतात. मागच्याच महिन्यात एक वडील ‘मुलीला तिसऱ्या स्टेजचा आहे’ म्हणून डोळे पुसत आत आले होते, हातात बायरॅड्स ३. त्यांना पाणी देऊन आधी हे समजावलं. सोनोग्राफीत आणखी एक गोष्ट बघा, तुमच्या रिपोर्टमध्ये ती न लिहिताही दिसतेय. २१ × १४, म्हणजे गाठ आडवी आहे, त्वचेला समांतर पसरलेली. साध्या गाठी आडव्या पडून असतात. उंचीला रुंदीपेक्षा जास्त असलेली, उभी गाठ दिसली की रेडिओलॉजिस्ट सावध होतो.

मग सुई लावायची का? चोविसाव्या वर्षी, हाताला आणि सोनोग्राफीत अगदी ठरावीक फायब्रोॲडेनोमा असेल तर सुई न लावता सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणं हे शास्त्राला धरून आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, ते बरोबर आहेत. पण मी माझ्या गावात थोडं वेगळं वागते. ‘सहा महिन्यांनी या’ म्हटलेल्या किती जणी खरंच येतात? लग्न होतं, गाव बदलतं, सासरी सांगायची लाज वाटते, आणि दुखणं अंगावर काढलं जातं. जिची परत येण्याची खात्री नाही तिला मी आत्ताच कोअर बायोप्सी सुचवते. जागेपुरतं बधिर करून जाड सुईने दोन-चार तुकडे घेतात, टक् असा आवाज होतो, पंधरा-वीस मिनिटांत मुलगी चालत घरी जाते. बारीक सुईची एफएनएसी स्वस्त आणि पटकन होते, लहान गावात तीच मिळते, पण ती नुसत्या पेशी देते, ऊतकाची घडण दाखवत नाही. शंका असेल तिथे मी कोअरच मागते. ‘सुई लावली की पसरतं’ ही भीती सोडा. सुईमुळे साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही, आणि कॅन्सर असलाच तर सुईने निदान करून उपचार ठरवणं हीच जगभरची पद्धत आहे. खरं नुकसान होतं ते सुई न लावता घाईने अर्धवट कापल्यावर.

काढायची कधी? तीन सेंटिमीटरच्या वर गेली, सहा महिन्यांत माप पाचव्या हिश्शाने किंवा जास्त वाढलं, साक्षी जुळल्या नाहीत, किंवा सगळं समजून घेऊनही मुलीला स्वतःला ती नको आहे. शेवटचं कारण मी कधीच हलकं मानत नाही, फक्त ‘मुलीला’ हा शब्द तिथे महत्त्वाचा. आईला नको, मावशीला नको, पाहुण्यांना कळेल, ही कारणं माझ्या वहीत बसत नाहीत. माप बघताना एक तारतम्य ठेवा. २१ चे २३ झाले म्हणजे वाढ नव्हे, मशीन आणि हात बदलला की एवढा फरक पडतोच. पाच सेंटिमीटरच्या पुढची किंवा महिन्यांत भराभर वाढणारी गाठ असेल तर मनात फायलोडस नावाचा वेगळा ट्यूमर येतो. पानांसारखी रचना दिसते म्हणून १८३८ मध्ये योहानेस म्युलर यांनी त्याला हे ग्रीक नाव दिलं. बहुतेक तोही साधाच असतो, पण भोवतीच्या निरोगी ऊतकासकट काढला नाही तर परत उगवतो. फायब्रोॲडेनोमा सोलून काढता येतो, फायलोडस सोलायचा नाही. आणि एफएनएसीला या दोघांतला फरक बऱ्याचदा कळत नाही, हे कोअर मागण्याचं आणखी एक कारण.

कापायचंच ठरलं तर चीर कुठे घेणार ते आधी विचारा. बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने घेतलेली चीर पुढे दिसत नाही, म्हणून सगळ्यांना आवडते. पण तिथून लांबच्या गाठीपर्यंत बोगदा करत गेलं तर दुधाच्या नळ्या कापल्या जाऊ शकतात. जिला अजून मूल व्हायचंय तिच्यासाठी मी गाठीच्या जवळ, त्वचेच्या नैसर्गिक रेषेत छोटी चीर घेते, किंवा स्तनाच्या खालच्या घडीत लपवते. मोठ्या शहरांत लहान गाठी व्हॅक्यूमच्या सुईने टाक्यांशिवाय ओढून काढतात. खर्च जास्त, खूण नावापुरती. आणि कुठेही काढा, काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी दिसली तरी, फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, गेलीच पाहिजे. नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवून टाकून दिलेल्या गाठीचं निदान पुढे कुणीच करू शकत नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

लग्नाचं विचारलंत. गाठीमुळे लग्नाला, दिवस राहायला, बाळाला पाजायला काहीही अडचण नाही. गर्भारपणात ती थोडी फुगू शकते, तेव्हा सोनोग्राफी करता येते, बाळाला त्याने काही होत नाही. मावशीच्या पुडीबद्दल एवढंच की सहा महिन्यांत काही गाठी आपोआप लहान होतात आणि त्याचं श्रेय पुडीला जातं. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नये, आणि तिच्या भरवशावर सोनोग्राफीची तारीख तर चुकवूच नये. सेंटक्रोमनने काही फायब्रोॲडेनोमा लहान झाल्याचं दिसलंय, पण दुखण्यावर जितकं चालतं तितकं ते गाठीवर चालत नाही.

तुमच्या प्रश्नात नाही, पण घराघरात चुकतं अशा दोन दुखण्यांबद्दल इथे थांबते.

पहिलं बाळंतिणीचं. दूध साचतं, एक भाग लाल, कडक, थंडी वाजून ताप. लगेच मालीशवाली बाई येते आणि ‘गाठी फोडते’. गरम शेक, जोरजोरात चोळणं, बाळाला त्या बाजूने पाजणं बंद. तिन्ही उलटं. चोळल्याने आतली सूज वाढते. २०२२ मध्ये स्तनपानतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नियम बदलले, आता सांगतात की थंड पट्ट्या ठेवा, सूज उतरवणारी गोळी घ्या, बाळाला भूक लागेल तसं पाजत राहा, पंपाने ओढून ओढून रिकामं करू नका. एक-दोन दिवसांत उतार नाही तर अँटिबायोटिक, कारण बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. पू झालाच तर पूर्वी आम्ही उभी चीर देऊन महिनाभर पट्ट्या भरत बसायचो. आता सोनोग्राफीत बघत सुईने पू ओढतो, गरज पडली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. त्वचा पातळ, काळपट झाली असेल तरच छोटी चीर. पाजणं चालू ठेवा, पू झालेल्या बाजूचं दूधही बाळाला चालतं, फक्त जखम बाळाच्या तोंडाखाली येत नसेल एवढं पाहा. दूध एकदम सुकवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर ते साचून आणखी पिकतं.

दुसरं जास्त फसवं. मूल दोन-चार वर्षांचं झालंय, पाजणं कधीच थांबलंय, आणि एका बाजूला मोठी, कडक, लाल गाठ, मग पू, मग दोन-तीन ठिकाणी फुटलेली भोकं. हा कॅन्सर असू शकतो, क्षयरोग असू शकतो, आणि ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिस असू शकतो. या तिसऱ्याचं पहिलं वर्णन १९७२ चं आहे, त्यात ना क्षय ना कर्करोग, शरीराचीच उलटी प्रतिक्रिया. बायोप्सीत ‘ग्रॅन्युलोमा’ (सुजेच्या पेशींचा पुंजका) हा शब्द आला की आपल्याकडे हात थेट क्षयाच्या औषधांकडे जातो. माझ्याकडे तिशीतली एक आली होती, दुसरीकडे सात महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, खाऊन. लघवी केशरी झाली होती, गाठ होती तशीच. क्षयाचा जंतू कुठल्याच तपासणीत कधी सापडला नव्हता, कारण कुणी शोधलाच नव्हता. बायोप्सीचे सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले होते आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो. म्हणून संशय असेल तेव्हा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक सलाईनमध्ये द्यायचा, सलाईनमधला सीबीनॅट (क्षयाचा जंतू शोधणारी चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला). हे वाक्य वाचणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने पाठ करावं, बायोप्सीच्या आधी डॉक्टरला विचारावं, राग आला तरी चालेल.

क्षय सिद्ध झाला तर सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होतो, शस्त्रक्रिया क्वचितच लागते. ग्रॅन्युलोमॅटस असेल तर धीर लागतो. पू असेल तेवढा काढायचा, गरजेप्रमाणे स्टेरॉइड, साखरेवर लक्ष ठेवून, कधी मेथोट्रेक्सेट (शरीराची ही प्रतिक्रिया दाबणारं औषध), आणि वर्षभर किंवा अधिकही वाट बघायची तयारी. बऱ्याच जणींचं ते हळूहळू आपोआप विझतं. मोठं कापून ‘एकदाच काढून टाकू’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, जखम भरत नाही आणि दुखणं शेजारी पुन्हा उगवतं. आणि उलट चूकही तितकीच महाग, क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो. त्या तिशीतल्या पेशंटची एकेटी थांबवली, स्टेरॉइड सुरू केलं, दहा महिने लागले. आज एक बारीक खड्डा उरलाय. अंगावर पाजत नसताना आलेली लाली अँटिबायोटिकने दोन आठवड्यांत गेली नाही तर बायोप्सी झालीच पाहिजे, कारण एक प्रकारचा कॅन्सरही असाच लालीने सुरू होतो.

बाकीच्यांना एवढी जागा लागत नाही. चाळिशीतल्या बाईला एका रात्रीत उगवल्यासारखी गाठ आली तर बहुधा पाण्याची असते. सोनोग्राफीत साधी सिस्ट दिसली आणि त्रास नाही तर काहीच करायचं नाही. ताणून दुखत असेल तर सुईने पाणी काढतात, पिवळं-हिरवट निघालं तर ते टाकून देतात. रक्ताळलेलं असेल किंवा पाणी काढल्यावरही गाठ उरली तर पुढे तपासतात. मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर चरबी मरून झालेली गाठ हाताला हुबेहूब कॅन्सरसारखी लागते, ती बायोप्सीनेच सुटते. स्तनावर दोरीसारखी ताठ, दुखणारी शीर दिसली तर तो मोन्डोरचा आजार, काही आठवड्यांत जातो. काखेत दर पाळीला किंवा बाळंतपणात फुगणारी मऊ गाठ बऱ्याचदा तिथलं जास्तीचं स्तनऊतक असतं, काखमांजरी नव्हे, तिच्यावर पोटीस बांधू नका. आणि घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बोंडाखाली चकती आली तर त्याला चिडवू नका. बहुतेक मुलांची दोनेक वर्षांत जिरते. मोठ्या पुरुषाला आली तर यकृत, वृषण, चालू गोळ्या आणि जिममधली इंजेक्शनं, सगळ्याची चौकशी करायची.

बोंडातून येणाऱ्या पाण्याचं मात्र जरा सांगते. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, दाबल्यावरच येणारं हिरवट किंवा दुधट पाणी बहुधा निरुपद्रवी असतं. दाबत बसलात तर येतच राहील. दोन्हीकडून दूध येतंय आणि बाळ लहान नाही, तर मी आधी पर्स उघडायला सांगते. पित्ताच्या गोळीत लिव्होसल्पिराइड किंवा डॉमपेरिडोन मिसळलेलं असतं, त्याने प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं आणि पान्हा फुटतो. गोळी बंद केली की दूध बंद. हे कळण्याआधी मेंदूचा एमआरआय करून आलेल्या मी पाहिल्या आहेत. गोळ्या नसतील तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासायचं. पण आपोआप, एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून, लाल किंवा काचेसारखं स्वच्छ पाणी येऊन ब्लाउजला डाग पडत असेल तर थांबू नका. बहुतेक वेळा नळीतला छोटा पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारखी साधी वाढ, निघतो, तेवढीच नळी काढली की काम होतं, मात्र कॅन्सर नाही हे सिद्ध करावं लागतं.

साध्या रिपोर्टातला एकच शब्द मी लाल पेनने अधोरेखित करते, ‘एटिपिकल’, म्हणजे पेशींची घडी बिघडलेली. ‘एटिपिकल हायपरप्लासिया’ (अशा पेशींची जास्तीची वाढ) असेल तर पुढे कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण चौपट असते. त्याचा पाठपुरावा वेगळा. तो ‘साधी आहे’ म्हणून फाईलमध्ये ठेवून द्यायचा नाही.

दर महिन्याला आरशासमोर तासभर चाचपत बसायला मी सांगत नाही. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात, २००२ साली निकाल आला, स्वतः तपासायला शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. याउलट मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माझा अर्थ असा, की आपलं अंग कसं आहे ते आंघोळ करताना माहीत असू द्या, नवीन काही लागलं तर त्याच महिन्यात दाखवा, आणि शिकलेल्या हाताकडून तपासून घ्यायची लाज बाळगू नका. तुमच्या बहिणीने हेच केलं, गाठ लागली आणि तिने घरी सांगितलं. तिला तेवढं शाबास म्हणा.

आता तारखा. झालेल्या सोनोग्राफीपासून मोजून सहा महिन्यांनी दुसरी, वर्ष झाल्यावर तिसरी, दोन वर्षं झाल्यावर चौथी. शक्यतो त्याच सेंटरला, जुना रिपोर्ट आणि फिल्म बरोबर नेऊन, म्हणजे माप मापाशी ताडून बघता येईल. दोन वर्षं तशीच राहिली तर पुढे सोनोग्राफीची गरज नाही. ती मुंबई-पुण्याला किंवा परगावी जाणार असेल तर जाण्याआधी कोअर बायोप्सी उरकून घ्या आणि रिपोर्टचा फोटो तिच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवायला सांगा, आईच्या नव्हे. आणि ताई, तिला सोनोग्राफीला न्याल त्या दिवशी तुमचा तपासणीचा नंबरही लावा. तुमचं कॅलेंडर बरोबर आणा.